झटपट चित्र: हिशोबाचं की अंदाजाचं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सव्वासहाला माझ्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. पाठवणारा पाथर्डी तालुक्यातल्या एका गावचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. खाली लिहिलं होतं, "सर, आईला चार दिवस ताप आहे. हा मलेरियाच ना? रिंग क्लिअर दिसतेय. गोळ्या कोणत्या सुरू करू?"

फोटो खरंच देखणा होता. गुलाबी लाल पेशी, तिच्यात निळसर कडं, कड्यावर गडद ठिपका. पाठ्यपुस्तकात छापावी अशी रिंग. इतकी देखणी, की मला शंका आली. आमच्या भागातल्या लॅबमधला मायक्रोस्कोप आणि त्याच्या आयपीसला टेकवलेला मोबाईल, यातून असा फोटो येत नाही. मी फोन केला. तेव्हा कळलं की टेक्निशियनने काढलेला मूळ फोटो धूसर होता, "शंका वाटते, डॉक्टरांना दाखवा" एवढंच तो म्हणाला होता. मुलाने तो फोटो एका ॲपमध्ये घालून 'क्लिअर' केला होता. ॲपला सहा सेकंद लागले, हेही त्याने कौतुकाने सांगितलं.

मी म्हटलं, गोळी कुठलीही देऊ नकोस. आईला घेऊन ये आणि काचेची स्लाइड घेऊन ये.

दुपारी आले. स्लाइड ऑइल लेन्सखाली लावली. लॅबवाल्याने पेनने खूण केली होती, त्यामुळे ती जागा लगेच सापडली. फाइन फोकसचा स्क्रू थोडा फिरवला. लाल पेशी धूसर झाली आणि नेमका तेव्हाच तो 'जंतू' स्पष्ट झाला. याचा अर्थ तो पेशीच्या आत नव्हता, वर बसला होता. ती एक प्लेटलेट होती. लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट मलेरियासारखी दिसते, ही चूक होऊ नये म्हणून आम्हाला एमबीबीएसला असतानाच घोकून घेतात. मूळ धूसर फोटोत फक्त एक जांभळट डाग होता. कडं आणि ठिपका ॲपने घातले होते. त्याने कुठेतरी हजारो चित्रं पाहिली असणार आणि 'असा डाग असेल तर असं असावं' म्हणून ते काढलं.

मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली. डेंग्यूची पॉझिटिव्ह. पेशी, म्हणजे आपण सगळे ज्याला 'पेशी' म्हणतो त्या प्लेटलेट, अठ्ठेचाळीस हजार. डेंग्यूत ताप उतरू लागतो त्याच सुमाराला धोका वाढतो. मलेरियाच्या गोळ्या घेऊन, ताप उतरला म्हणून ही बाई घरीच थांबली असती तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही. ॲडमिट केलं, सलाईन मोजून दिलं, पाचव्या दिवशी घरी गेल्या.

त्या मुलावर मी रागावलो नाही. राग आहे तो एका समजुतीवर. चित्र जितकं स्पष्ट तितकं खरं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. ही समजूत आता फक्त ॲपवाले विकत नाहीत. मोठमोठ्या तपासण्यांच्या जाहिरातीतही तीच दिसते: 'एआयमुळे निम्म्या वेळात स्कॅन', 'क्षणात अचूक चित्र'. मशीन विकायला येणारे प्रतिनिधी मला नेहमी सेकंद सांगतात. ते सेकंद कुठून वाचवले, हे मी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आज त्यावरच भांडायचं आहे.

फोटो नव्हे, हिशोब

आधी एक गोष्ट समजून घ्या. जुना एक्स-रे हा सावलीचा फोटो होता. किरण शरीरातून गेले, मागच्या फिल्मवर सावली पडली, संपलं. सीटी स्कॅन, एमआरआय आणि आजचे सगळ्यात ताकदवान मायक्रोस्कोप असं काम करत नाहीत. ते आकडे मोजतात. त्या आकड्यांवर संगणक गणित करतो आणि गणिताचं उत्तर चित्राच्या रूपात दाखवतो. तुमच्या हातातली सीटीची फिल्म हे एका लांबलचक गणिताचं उत्तर आहे.

मायक्रोस्कोपला गणिताची गरज का पडली? 1873 साली एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला एक मर्यादा आहे. दोन ठिपके साधारण 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळ असले तर ते एकच दिसतात, भिंग कितीही महाग असलं तरी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमची लाल पेशी 7-8 मायक्रॉनची असते. टीबीचा जंतू 1 ते 4 मायक्रॉन लांब. हे दोन्ही साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. डेंग्यूचा विषाणू मात्र 0.05 मायक्रॉनचा. म्हणून कुठलाही लॅबवाला तुम्हाला साध्या मायक्रोस्कोपमधून डेंग्यूचा विषाणू दाखवू शकत नाही. कुणी दाखवला तर तिथून निघा.

ही मर्यादा शास्त्रज्ञांनी युक्तीने ओलांडली. एका पद्धतीत नमुन्यावर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकतात, पट्टे सरकवत आणि वळवत नऊ फोटो घेतात आणि त्यातून गणिताने दुप्पट बारीक चित्र काढतात. दुसऱ्या पद्धतीत पेशीतले चमकणारे रेणू काजव्यांसारखे आळीपाळीने लुकलुकतात. असे हजारो फोटो घ्यायचे, प्रत्येक काजव्याचा मध्यबिंदू शोधायचा आणि सगळे बिंदू एका नकाशावर मांडायचे. अशा अतिसूक्ष्म मायक्रोस्कोपीला 2014 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिसरी पद्धत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची. नमुना झटकन गोठवायचा, त्यातल्या कणांची अतिशय फिकट अशी हजारो, लाखो चित्रं घ्यायची आणि ती जुळवून त्रिमितीय आकार उभा करायचा. याला 2017 चं नोबेल.

या सगळ्यात फोटो घेणं हे अर्धंच काम. उरलेलं काम गणिताचं आणि त्याला कधी तास लागतात, कधी दिवस. त्यामुळे गणित वेगवान करण्यासाठी जगभर धडपड चालू आहे. ती धडपड मला मान्य आहे. माझा आक्षेप वेगावर नाही. वेग दोन जातींचा असतो आणि दोन्हींना एकाच भावात विकतात, त्यावर आहे.

पहिली जात: रामचंद्रन यांचा वेग

पहिल्या जातीचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि ते आपल्या पोरांना शाळेत शिकवत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

शेतात उसाची मोळी बांधून ठेवली आहे अशी कल्पना करा. मोळी सोडायची नाही, पण आत कोणता ऊस जाड, कोणता पोकळ हे कळायला हवं. एका बाजूने किरण टाकून सावली घेतली तर सगळे ऊस एकमेकांवर पडलेले दिसतात. म्हणून मोळी थोडी थोडी फिरवत सगळ्या बाजूंनी सावल्या घ्यायच्या. मग प्रत्येक सावली ज्या दिशेने घेतली त्या दिशेने कागदावर मागे पसरवायची. जिथे खरंच जाड ऊस आहे तिथे सगळ्या सावल्या एकमेकींवर येऊन गडद डाग पडतो. अडचण एवढीच, की पसरवताना आजूबाजूलाही काळं फासलं जातं आणि सगळं चित्र गढूळ होतं.

हा गढूळपणा काढायची एक पद्धत होती. सावल्यांचं रूपांतर लहरींच्या भाषेत करायचं, तिथे जुळवाजुळव करायची आणि मग परत चित्राच्या भाषेत यायचं. बरोबर पद्धत, पण लांबची. नगरहून संगमनेरला जायचं आणि पुण्याला वळसा घालायचा, तसं.

1971 साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. रामचंद्रन तेव्हा शिकागो विद्यापीठ आणि बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या दोन्हींशी जोडलेले होते. लेखाच्या शीर्षकातच एक्स-रे आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची चित्रं अशा दोन्हींचा उल्लेख आहे. त्यांचं म्हणणं असं: लहरींच्या गावाला जायची गरजच नाही. सावली पसरवण्याआधी तिच्यावरच साधा गुणाकार-बेरजेचा संस्कार करा, म्हणजे तिच्या कडा अशा धारदार होतात की पसरवल्यावर गढूळपणा आपोआप एकमेकांत खोडला जातो. त्यांच्या हिशोबात हे काम सुमारे 30 पट वेगाने होत होतं. चित्र जितकं बारीक हवं तितका फायदा जास्त. आणि चाचणीत उत्तर जुन्या पद्धतीपेक्षा अधिक अचूक आलं.

हे पुन्हा वाचा. तीस पट वेग, तरी अचूकता वाढली. कारण त्यांनी एकही सावली गाळली नाही. एकही आकडा मनाने भरला नाही. मोजमाप तेवढंच ठेवलं, हिशोबाची वाट बदलली.

त्या वेळी हा वेग किती मोलाचा होता ते पाहा. सीटी स्कॅनचे जनक हाउन्सफिल्ड यांच्या सुरुवातीच्या प्रयोगात एका चित्रासाठी मोजायला नऊ दिवस आणि गणिताला अडीच तास लागले होते. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात सीटीवर पहिला रुग्ण घेतला तो 1 ऑक्टोबर 1971 ला. म्हणजे त्याच वर्षी. पुढे कित्येक दशकं जगभरच्या सीटी मशीनमध्ये चित्र बनवलं गेलं ते सावल्या आधी धारदार करून मागे पसरवण्याच्या पद्धतीने. तुमच्या आजोबांच्या डोक्याचा स्कॅन झाला असेल तर तोही बहुधा तसाच बनला असेल. त्या गणितातल्या गाळणीला आजही 'रॅम-लॅक' म्हणतात, दोघांच्या नावांवरून. हाउन्सफिल्ड आणि कॉरमॅक यांना 1979 चं नोबेल मिळालं. रामचंद्रन यांना मिळालं नाही, आणि कोलॅजेनची तिपेडी रचना सांगणाऱ्या माणसाला ते एकदा नव्हे, दोनदा हुकलं असं माझं मत.

जाता जाता एक न्यायाची गोष्ट. खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी 1967 मध्येच अशी कल्पना मांडली होती. या ब्रेसवेल यांच्याकडे स्टॅनफर्डला पीएचडी केलेले गोविंद स्वरूप भारतात परत आले आणि त्यांनी आपल्या शेजारी, नारायणगावजवळ खोडदला, ती महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. तिथेही कुणी डोळा लावून बघत नाही. आकडे जमतात आणि संगणक आकाशाचं चित्र काढतो. मुलांना सहलीला नेत असाल तर हे जरूर सांगा.

आज त्याच प्रामाणिक वेगात आणखी एक भर पडली आहे. व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या ग्राफिक्स चिपमध्ये हजारो छोटी गणितं एकाच वेळी होतात. एका हिशोबनिसाऐवजी हजार पोरं एकदम पाढे म्हणायला बसवली, तसं. तासांचं काम मिनिटांत येतं. आकडे तेच, उत्तर तेच. असा वेग कितीही आणा, माझी काहीच तक्रार नाही.

दुसरी जात: आठवणीतून भरलेलं

दुसऱ्या जातीत मोजमापच कमी करतात. नऊ फोटोंऐवजी तीन घ्या, हजारो सावल्यांऐवजी शंभर घ्या. उरलेली रिकामी जागा संगणक भरतो. कशातून? त्याने आधी पाहिलेल्या दुसऱ्या लोकांच्या चित्रांमधून. पाथर्डीच्या त्या फोटोत ॲपने हेच केलं होतं.

हे चुकतं कसं, याचं एक मजेशीर उदाहरण आपल्या रोजच्या शब्दाशी जोडलेलं आहे. 2013 मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं की झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनर-कॉपी मशीनमधून घराच्या नकाशाची प्रत काढली की खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडे बदलतात. 6 चा 8 होतो. धूसर नव्हे, अगदी स्वच्छ, ठळक 8. मशीन जागा वाचवण्यासाठी एकसारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा छापत होतं. आपण ज्याला 'झेरॉक्स' म्हणजे हुबेहूब नक्कल म्हणतो, तिथे ही गत. आकडा धूसर आला असता तर कुणीतरी मूळ कागद पाहिला असता. स्वच्छ आला म्हणून कुणी पाहिला नाही.

मायक्रोस्कोपीच्या जगात याहून बोलकं उदाहरण आहे आणि ते त्या क्षेत्रातल्या लोकांनीच स्वतःच्या भावंडांना इशारा म्हणून दिलं आहे. रिचर्ड हेंडरसन, ज्यांना पुढे 2017 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्यांनी 2013 मध्ये त्यावर लिहिलं. टीव्हीवर चॅनल गेल्यावर मुंग्या येतात तशी निव्वळ ठिपक्यांची हजार चित्रं घ्या. त्यात काहीच नाही. आता संगणकाला आइन्स्टाइनचा फोटो नमुना म्हणून द्या आणि सांगा, प्रत्येक चित्र या फोटोशी जास्तीत जास्त जुळेल असं सरकव. मग सगळ्यांची सरासरी काढा. मुंग्यांमधून आइन्स्टाइन बाहेर येतो! केस, मिशा सगळ्यांसकट. आधीच ठरवून पाहिलं की जे हवं ते दिसतं, हे आम्हा डॉक्टरांना माहीत होतं. संगणकालाही तोच रोग आहे, हे नवीन.

रुग्णांच्या तपासणीतही हे घडलेलं आहे. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी 'फास्ट एमआरआय' नावाच्या स्पर्धा घेतल्या. नेहमीच्या चौथ्या किंवा आठव्या हिश्श्याइतकी मोजमापं द्यायची आणि एआयने पूर्ण चित्र बनवायचं. 2020 च्या स्पर्धेत मेंदूची चित्रं तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्टना काही ठिकाणी मुळात नसलेल्या रचना आढळल्या. चित्रं मात्र गुळगुळीत, सुबक. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की अशा काही पद्धतींमध्ये मोजमापात डोळ्याला न दिसणारा बारीक फरक केला तरी चित्र भलतंच येतं, आणि कधी खरोखर असलेली छोटी गाठ चित्रात उतरतच नाही.

तुमच्यासाठी यातला धोका कुठे आहे ते सांगतो. अशी पद्धत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी छान काढते, कारण तिने त्याच हजार वेळा पाहिल्या आहेत. तुमचा आजार नेहमीचा नसेल, तुमच्या पेशीत काहीतरी जगावेगळं असेल, तर ते पुसून तिथे 'नेहमीसारखं' भरण्याकडे तिचा कल असतो. आणि माणूस महागडी तपासणी करतो ती बहुतेक वेळा नेहमीचं नसलेलं काही शोधण्यासाठीच.

"मग आम्ही ताटकळत बसायचं का?"

हा प्रश्न मला रास्त वाटतो. आमचे एक तरुण रेडिओलॉजिस्ट मित्र माझ्याशी यावर तावातावाने भांडतात. त्यांचं म्हणणं, लहान मूल एमआरआयच्या नळीत अर्धा तास हलल्याशिवाय पडू शकत नाही, भूल द्यावी लागते. पाच मिनिटांत झालं तर भूल टळते. सीटीत मोजमाप कमी म्हणजे किरणोत्सर्ग कमी. जिवंत पेशी मायक्रोस्कोपच्या तीव्र प्रकाशात मरते, कमी फोटो घेतले तर जगते. तिन्ही मुद्दे खरे आहेत. चांगल्या पद्धतीत संगणकाचं उत्तर खऱ्या मोजमापाशी जुळतंय ना, हे पुन्हा पुन्हा ताडून पाहतात, हेही खरं. अशा वेळी अंदाजाची थोडी जोखीम घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण जोखीम घेतली आहे हे रिपोर्ट वाचणाऱ्याला कळलं पाहिजे ना? भुलीच्या आधी आम्ही सही घेतो. इथे साधी एक ओळही नसते.

राहिला ताटकळण्याचा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात रुग्ण संगणकाच्या गणितासाठी ताटकळत नाही. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असा एकही पाहिला नाही. तो ताटकळतो कारण बायोप्सीचा तुकडा तालुक्याहून शहरात पोचायला दोन दिवस जातात. थुंकीचा नमुना नीट घेतलेला नसतो, म्हणून पुन्हा बोलावतात. स्लाइड तयार असते, पण ती बघणारा पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून दोनदाच येतो. टीबीच्या स्लाइडचे शंभर भाग बघायला हवेत तिथे गर्दीत वीस बघितले जातात. या वाया गेलेल्या दिवसांवर कुणी जाहिरात करत नाही. कारण तिथे मशीन विकता येत नाही, माणूस नेमावा लागतो.

म्हणून माझी मागणी दोन पातळ्यांवर आहे. लॅब आणि स्कॅन सेंटर चालवणाऱ्यांकडे: चित्र कमी मोजमापातून एआयने पूर्ण केलेलं असेल तर रिपोर्टवर तसं मराठीत लिहा. शंका आली तर त्याच आकड्यांवरून साध्या पद्धतीने चित्र पुन्हा काढता आलं पाहिजे, म्हणून मूळ आकडे निदान काही काळ तरी पुसू नका. आणि प्रतिनिधी सेकंद सांगायला लागला की त्याला विचारा, मोजमाप किती कमी केलं?

आणि तुमच्याकडे. स्कॅन झाला की फक्त फिल्म आणि रिपोर्ट घेऊन निघू नका, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर पूर्ण स्कॅन मागा. दुसऱ्या मतासाठी पुण्या-मुंबईला जाताना बायोप्सीचा नुसता कागद नेऊन चालत नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून न्या. आमच्याकडून कागद मागायला संकोच करू नका. ॲडमिट असतानाची कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत देण्याचं बंधन आम्हा डॉक्टरांवर 2002 च्या नियमांनीच घातलेलं आहे. रिपोर्टचा, ईसीजीचा, स्लाइडचा फोटो पाठवायचा असेल तर आहे तसा पाठवा. धूसर चालेल. ॲपमधून काढून, उजळवून, 'क्लिअर' करून पाठवू नका. धूसर असेल तर मी तुम्हाला बोलावून घेईन.

पाथर्डीचा तो मुलगा दिवाळीत आईला दाखवायला आला होता. पेशी दोन लाख दहा हजार. त्याने विचारलं, सर, ती स्लाइड अजून आहे का? होती. मी त्याला मायक्रोस्कोपपुढे बसवलं आणि स्क्रू फिरवायला दिला. तीन-चार वेळा वरखाली करून तो म्हणाला, "वरच बसलीय की ओ." मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि तो जुना फोटो शेजारी धरून बराच वेळ बघत राहिला. बाहेर अकरा पेशंट थांबले होते, पण मी त्याला उठवलं नाही.